चुलीचा वैल आणि विमानाचे इंधन

काशीच्या अहिल्याबाई घाटाला लागून दक्षिणेस मुन्शी घाट आहे. नागपूरच्या राज्याचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी ह्यांनी तो बांधविला आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. एका बाजूस इंदूरच्या होळकरांची पुण्याई, दुसऱ्या बाजूस नागपूरकरांचे द्रव्य, अशा ह्या पायऱ्यांवर उभ्या राहणाऱ्या मराठी यात्रेकरूला आपण परमुलखात आहोत असे फारसे वाटत नाही. त्याच्या पायाशी नावा लागलेल्या असतात. वल्ह्यांच्या नावा अजूनही आहेत. परंतु गंगेच्या ह्या अर्धचंद्राकार वळणावर गेली कित्येक वर्षे यंत्रनौकांचेच राज्य आहे. डिझेलचा काळा धूर आणि कानठळ्या बसविणारी धडधड हे ह्या नौकांचे जणू लक्षणच होऊन बसले होते. २०२१ पासून त्यांपैकी अनेक नौका नैसर्गिक वायूवर चालविण्याचे काम ‘गेल’ ह्या सरकारी कंपनीच्या आणि नगरातील संस्थांच्या साहाय्याने सुरू झाले. घाटांच्या उत्तर टोकाला खिडकिया घाटाजवळ, ज्याला आता नमो घाट म्हणतात तेथे, नावांना वायू भरून देणारे केंद्र पाण्यावरच तरंगते ठेवण्यात आले. नावाड्याला त्यामुळे नाव सोडून डबे घेऊन शहरात जावे लागत नाही.

अशा यंत्रनौकांपैकी कित्येकींत एक गोष्ट सहज दिसते. यंत्राच्या अंगाभोवती फिरून तापलेले पाणी एका नळीवाटे नौकेच्या कडेने गंगेत पडत असते. हिवाळ्यातल्या सकाळी त्यातून वाफा निघतात. कोणी त्याकडे लक्ष देत नाही. वास्तविक नावाड्याने मोजलेल्या पैशांतला मोठा भाग त्या नळीतून आणि धुराच्या नळकांड्यातून वाहून जात असतो. इंधनात असलेल्या शक्तीपैकी साधारण एक तृतीयांश पंख्याच्या दांड्यापर्यंत पोहोचते; उरलेल्या दोन भागांपैकी जवळजवळ एक पाण्यात जातो आणि एक धुराबरोबर आकाशात. शंभर सव्वाशे वर्षे शास्त्रज्ञांनी डोके लढविले, तरी ह्या गळतीतून यंत्राची पूर्ण सुटका झालेली नाही. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राने काही उष्णता टाकून दिलीच पाहिजे, हा निसर्गाचाच दंडक आहे. प्रश्न उरतो तो इतकाच, की टाकलेल्या उष्णतेचे काय करावे.

महाराष्ट्रातल्या जुन्या स्वयंपाकघराने ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले होते. मातीच्या चुलीला मागे किंवा बाजूला एक लहान तोंड असे. त्याला वैल म्हणत. मुख्य चुलीवर भात रटरटत असताना वाया जाणारी आच त्या वैलात शिरे आणि त्यावर ठेवलेले दूध किंवा आमटी एकही लाकूड जास्त न जाळता गरम राही. वैलावर भाकरी भाजत नसे, तेथली आच तितकी प्रखर नसते. पण जे काम मंद आचेवर होते ते तेथे फुकट होई. नैसर्गिक वायूला इंधन म्हणून वापरणाऱ्या अभियंत्याला नेमका असाच वैल हवा असतो.

त्याचे कारण वायूच्या स्वभावात आहे. मुन्शी घाटावरच्या नावेत तो सुमारे २०० वातावरणांच्या दाबाखाली जाड टाकीत कोंबलेला असतो. यंत्राकडे जाताना दाब एकदम उतरविला, की वायू प्रसरण पावतो आणि गार होतो. मोटारींत दाब उतरविणाऱ्या झडपेवर म्हणूनच बर्फ धरण्याचे भय असते, आणि यंत्राचे गरम पाणी त्या झडपेच्या पोटातून फिरवून ते टाळण्याची रीत आहे. नावेला टाकीचे वजन फारसे बाधत नाही. गंगामाई ते उचलून धरते. विमानाला मात्र प्रत्येक किलोग्रॅम स्वतःच्या पंखांवर उचलावा लागतो. लांब पल्ल्याच्या विमानात अशा जाड भांड्यांची रास नेणे म्हणजे प्रवाशांऐवजी पोलाद नेणे होय. तेथे वायूला द्रवरूप करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

द्रवरूप करावयाचे म्हणजे सुमारे उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावयाचे. तसे केल्यावर त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटींनी घटते आणि साध्या दाबाच्या, पण थर्मासप्रमाणे दुहेरी भिंतीच्या टाकीत तो मावतो. ह्या प्रकाराचा जवळचा अनुभव मुन्शींच्या नागपूरलाच घेता येतो. ११ जुलै २०२१ रोजी नागपूर-जबलपूर मार्गालगत, कामठी रस्त्यावर, द्रवरूप नैसर्गिक वायू मालमोटारींना पुरविणारे देशातील पहिले खासगी केंद्र सुरू झाले. अशा मालमोटारीच्या बगलेला एक चकचकीत नळकांडे असते. त्यातला द्रव थेट यंत्रात जात नाही. वाटेत एक बाष्पक असतो: एका बाजूने थंडगार द्रव, दुसऱ्या बाजूने यंत्र थंड करून तापलेले पाणी, आणि मध्ये धातूची पातळ भिंत. पाणी थोडे निवते, द्रवाचा वायू होतो, आणि दोघेही आपापल्या कामाला लागतात.

ह्या देवघेवीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक किलोग्रॅम द्रवरूप मिथेनची वाफ करण्यास सुमारे ५१० किलोज्यूल लागतात; ती वाफ नेहमीच्या तापमानापर्यंत आणावयास आणखी पावणेचारशे. म्हणजे एकंदर ९०० च्या आतबाहेर. तेच एक किलोग्रॅम मिथेन जळते तेव्हा ५०,००० किलोज्यूल देते. खर्च पन्नास हजारांतील नऊशे, शेकडा दोनाहूनही कमी. मालमोटारीचे यंत्र पाण्यात जी उष्णता टाकते तिच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शात हे काम भागते. वैलावरचे दूध म्हणावे ते हेच.

मग विमानातही तसेच करावे, ह्यात अडचण कोणती? जमिनीवरच्या यंत्राप्रमाणे विमानाच्या जेट यंत्राला पाण्याचा वेढा नसतो. त्याची टाकाऊ उष्णता बहुतांशी मागच्या झोतातून निघून जाते, थोडी वंगणतेलात उतरते. मध्यम आकाराच्या प्रवासी विमानाचे एक यंत्र उंचावर स्थिर वेगाने जाताना तासाला हजार किलोग्रॅम मिथेन जाळते असे धरले, तर त्याची वाफ करण्यास सुमारे २५० किलोवॅट उष्णता अखंड पुरवावी लागेल. स्नानगृहात पाणी तापविणारे दोन किलोवॅटचे सव्वाशे गिझर एका वेळी चालू ठेवण्यासारखे हे आहे. वंगणतेलाच्या उष्णतेवर एवढे भागेल ह्याचा भरवसा नाही. झोतात उष्णता विपुल. पण झोताच्या वाटेत नळ्यांची जाळी बसविली की तिच्याशी घासून वाऱ्याचा जोर कमी होतो. फुकटच्या आचेची अशी किंमत रेट्यात मोजावी लागते.

एक मार्ग मात्र मोठा चतुराईचा आहे. जेट यंत्राच्या दहनकक्षात दाब ३० ते ४० वातावरणांचा असतो. इंधन त्याहून अधिक दाबाने आत सारावे लागते. वायू दाबण्यास पुष्कळ शक्ती लागते, द्रव दाबण्यास अगदी थोडी. म्हणून आधी द्रवच पंपाने दाबावा आणि मग तापवावा. मिथेनचा दाब सुमारे ४६ वातावरणांच्या वर गेला, की द्रव आणि वायू ह्यांतील सीमारेषाच पुसली जाते. तेथे बुडबुडे उठत नाहीत. द्रव उकळत नाही, तो हळूहळू विरळ होत जातो. उकळते इंधन नळीतून गचके देत येते, आणि गचके देणारे इंधन म्हणजे थरथरणारी ज्वाला. ह्या एका युक्तीने ते संकट बरेचसे टळते.

हे नुसते कागदावरचे मनोरथ नाहीत. १९५७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बी-५७ ह्या बाँबफेकी विमानाचे एक यंत्र उड्डाणात द्रवरूप हायड्रोजनवर चालविले गेले. तेथे वाफ करण्याचे काम समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या उबेकडे सोपविले होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी बीच कंपनीने ‘सनडाउनर’ हे लहान पंखाविमान द्रवरूप मिथेनवर उडवून पाहिले. सर्वांत महत्त्वाचा प्रयोग सोव्हिएत संघातला. तुपोलेव्ह कार्यशाळेच्या टीयू-१५५ ह्या विमानाने १५ एप्रिल १९८८ रोजी द्रवरूप हायड्रोजनवर आणि १८ जानेवारी १९८९ रोजी द्रवरूप नैसर्गिक वायूवर उड्डाण केले. प्रवाशांच्या कक्षाच्या मागील भागात साडेसतरा घनमीटरची टाकी, गळालेला वायू साचू नये म्हणून तिच्याभोवती वायुवीजनाची खास व्यवस्था, आणि तीन यंत्रांपैकी फक्त उजवे नव्या इंधनावर. उरलेली दोन नेहमीच्या केरोसीनवरच चालत होती.

दोन यंत्रे केरोसीनवर का ठेवली? नव्या इंधनाविषयीची सर्वसाधारण सावधगिरी हे एक कारण खरेच. परंतु ह्या मांडणीने एका विशेष संकटावरही पांघरूण पडत होते. वैलाची आच चुलीवर अवलंबून असते. चूल विझली की वैलही थंड. द्रवरूप वायूला जळण्यायोग्य होण्यासाठी यंत्राची उष्णता हवी, आणि यंत्राला उष्णता देण्यासाठी जळण्यायोग्य वायू हवा. चक्र फिरत असते तोवर सारे सुरळीत. दहा किलोमीटर उंचीवर, बाहेर उणे पन्नास अंशांची हवा असताना, यंत्र क्षणभर विझले तर? तापलेल्या धातूत उरलेली ऊब काही क्षणांची सोबतीण; त्यानंतर टाकीत टनावारी इंधन असूनही यंत्र उपाशी राहील. मालमोटार रस्त्याच्या कडेला थांबू शकते. तिच्या टाकीत द्रवावर जमलेली वाफ चालकाला सुरुवातीस उपयोगी पडते, आणि कमी वेगात गरजही कमी असते. मुन्शी घाटाची नाव प्रवाहाबरोबर वाहत पुढच्या घाटाला लागेल. विमानाला ही मुभा नाही. म्हणून अभियंत्याला दाबाखाली थोडा तयार वायू राखून ठेवणे, दुसऱ्या यंत्राकडून उष्णता उसनी घेणे, किंवा पुन्हा पेटविण्यापुरते केरोसीन बाळगणे असे काही ना काही करावेच लागते. आणि त्या प्रत्येकाचे वजन होते.

उष्णता देणारे साधन प्रसंगी कसे दगा देते, ह्याचे उदाहरण नेहमीच्या इंधनानेही दिलेले आहे. जेट विमानांत तापलेले वंगणतेल आणि थंड केरोसीन एका भांड्यात एकमेकांजवळून नेतात. तेल निवते, केरोसीन उबदार होते. वैलाचाच हा प्रकार. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला येणारे ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७७७ हीथ्रो विमानतळावर उतरत होते. शेवटच्या टप्प्यात दोन्ही यंत्रांना अधिक जोर मागितला गेला. तो आला नाही. विमान धावपट्टीच्या सुमारे ३०० मीटर अलीकडे गवतावर आदळले. आतील १५२ माणसांपैकी कोणीही मरण पावले नाही, हे वैमानिकांचे कौशल्य आणि सर्वांचे सुदैव. चौकशीत आढळले ते असे: केरोसीनमध्ये स्वभावतःच असणाऱ्या किंचित पाण्याचा बर्फ दीर्घ, थंड प्रवासात नळ्यांत साचला, तो एकदम सुटून ह्या उष्णतादायी भांड्याच्या तोंडाशी येऊन अडकला. भांड्याच्या आतील बारीक नळ्यांची टोके पृष्ठभागापुढे किंचित निघालेली होती, त्यांत बर्फाला थारा मिळाला. पुढे ती टोके पृष्ठभागाशी सपाट करण्यात आली. उष्णता भांड्याच्या आत विपुल होती. बर्फ तिच्यापासून काही मिलिमीटर दूर होता, तेवढ्याने घात केला. द्रवरूप वायूत पाणी जवळजवळ नसते, हा त्याचा गुण. पण तो ज्या भिंतीला शिवतो तिच्या दुसऱ्या अंगाला जे काही असेल ते गोठविण्याची त्याची ताकद केरोसीनपेक्षा कितीतरी अधिक असते. पाणी असले तर पाणी, ओलसर हवा असली तर तिच्यातील बाष्प. बाष्पकाची खरी परीक्षा उष्णता किती आहे ह्यात नसून तिच्या वाटेवर बर्फ धरतो की नाही ह्यात होते.

टीयू-१५५ च्या उड्डाणांनंतर सोव्हिएत संघच विस्कटला आणि तो प्रयोग प्रवासी वाहतुकीपर्यंत पोहोचला नाही. दुसरेही विघ्न होते. प्रत्येक विमानतळावर उणे १६२ अंशांचा द्रव साठविणारी आणि भरणारी सोय लागते. विमान रात्रभर उभे राहिले, तर टाकीतला द्रव कणाकणाने उडत राहतो. तो वायू मोकळा सोडावा तर मिथेन हवेला कार्बन डायऑक्साइडहून पुष्कळ अधिक तापवितो. ज्याने धूर कमी व्हावा तेच इंधन गळल्यास अपाय करते, आणि ह्या बाबतीत त्याची जाहिरात करणारे सहसा मौन पाळतात.

एका दृष्टीने तर ह्या साऱ्या व्यवहारात उष्णतेपेक्षा थंडीच अधिक मोलाची आहे. वायू द्रवरूप करताना कारखान्याने पुष्कळ शक्ती वेचून ती थंडी त्याच्यात भरलेली असते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळसारख्या बंदरांत जहाजांतून असा द्रव येतो आणि त्याचा पुन्हा वायू केला जातो. जपानमध्ये अशा ठिकाणच्या थंडीवर हवेतील ऑक्सिजन वेगळा काढण्याचे आणि वीज निर्माण करण्याचे काम चालते. विमानात तीच थंडी तप्त यंत्राची पाती, तेल, उपकरणे निवविण्यास वापरता येईल. म्हणजे वैलावरचे दूध तापता तापता चुलीच्या भिंतीही तडकू देणार नाही. पुन्हा द्रवरूप मिथेनचे विमान कधी तयार झाले, तर ते केवळ धुराच्या स्वच्छतेसाठी होणार नाही. यंत्र अधिक तापवूनही ते सांभाळता येते, ह्या लाभासाठी होईल असे वाटते.

तोवर मुन्शी घाटाच्या पायऱ्यांखालून नावा जात-येत राहतील. पहाटे नावाडी टाकीची झडप उघडतो, यंत्राला झटका देतो. सुरुवातीची काही मिनिटे नळीतून पडणारे पाणी गंगेइतकेच गार असते. मग त्यातून वाफ निघू लागते, आणि नाव दशाश्वमेधाकडे वळते.