भिंतीवरचा चुना आणि कारखान्याची मळी

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. रामनवमीस तेथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. अशा गावी एखाद्या भिंतीस चुन्याचा हात दिला, तर तो ओला असताना बोटास लागतो आणि काही दिवसांनी घट्ट बसतो. श्रोत्यांस वाटेल, पाणी वाळले एवढेच. परंतु तेथे दुसराही एक व्यवहार घडलेला असतो. भट्टीत चुनखडी भाजताना तिच्यातून कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बाम्ल वायू, निघून जातो व कळीचा चुना उरतो. विरविलेला चुना भिंतीवर तोच वायू हवेतून ओढून घेतो आणि पुनश्च चुनखडी बनतो. ५६ भार चुन्यास ४४ भार वायू, असे याचे प्रमाण आहे.

पोलादाच्या कारखान्यातही चुना लागतोच. रायगड जिल्ह्यातील डोलवीसारख्या ठिकाणी पोलाद शुद्ध करताना घातलेला चुना अशुद्ध द्रव्यांसह मळीच्या, म्हणजे स्लॅगच्या, रूपाने बाहेर पडतो. ही मळी बारीक दळून, ओलसर ठेवून तीवर धुराड्यातील वायू सोडला, तर उघड्यावर वर्षानुवर्षे चालणारे काम पुष्कळ लवकर होते. वायू दगडात बद्ध होतो; मोकळा चुना उरत नसल्याने मळी पुढे फुगण्याचे भयही कमी होते, व ती बांधकामास उपयोगी पडते.

मात्र जमाखर्च पाहिला पाहिजे. एक टन पोलादामागे अशी मळी सुमारे १५० किलो निघते, आणि तिच्यात चुना निम्म्याच्या आसपास असतो. तो सर्व कामी आला तरी वायू बांधला जाईल तो सुमारे ६० किलो. उलट, कोळशावर चालणाऱ्या भट्टीच्या मार्गाने तेच एक टन पोलाद करताना दोन टनांच्या आसपास वायू हवेत जातो. शिवाय मळीतील चुनाही मुळात भट्टीत भाजलेलाच. तेव्हा ही बहुतांशी उसनवारीची फेड होय.

विदर्भातील कोराडी व चंद्रपूर येथील वीजकेंद्रांच्या राखेविषयी तर अपेक्षा आणखी बेताचीच ठेवावी. भारतीय कोळशाच्या राखेत चुना थोडा असतो. तिचा मोठा उपयोग सिमेंटमध्ये मिसळून तितके सिमेंट वाचविण्याचा. कारण सिमेंट करतानाही चुनखडी भाजावी लागतेच.

टाकाऊ पदार्थांकडून ही फेड अवश्य करून घ्यावी. परंतु तिच्या भरवशावर नवे धुराडे उभारणे हिशेबात बसत नाही. पोहरादेवीच्या भिंतीवरील चुनाही भट्टीत जितके गमावतो, त्याहून अधिक परत घेऊ शकत नाही.