दुकानदाराचा अर्ध्या मिनिटाचा चित्रपट

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

श्रोतेहो, मडके विकत घेताना आपल्या आया-आज्या ते प्रथम उचलून कानाशी धरीत आणि बोटाने टिचकी मारून पाहत. खणखणीत वाजले तर ते पक्के भाजलेले. बद वाजले तर कोठे तरी तडा आहे, किंवा मडके कच्चे आहे, असा त्यांचा हिशेब असे. आजच्या माझ्या विषयाला हाच हिशेब लागू पडतो. विषय आहे जाहिरातीच्या छोट्या चित्रपटांचा, म्हणजे ज्यांना आता आपण सर्रास व्हिडिओ म्हणतो त्यांचा. आणि लहान धंदेवाल्याने ते थोड्या पैशांत कसे करावे याचा.

बेळगाव जिल्ह्यातले खानापूर मातीच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. त्या तालुक्यातल्या एका कुंभाराचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी आठ हजार रुपये मोजून एका जाहिरातवाल्याकडून व्हिडिओ करवून घेतला. त्यात आकाशातून टिपलेली शेते होती, कानठळ्या बसवणारे संगीत होते, उडत येणारी सोनेरी अक्षरे होती. नव्हती ती एकच गोष्ट, त्यांची मडकी! चित्रात झळकत होती ती दुसऱ्याच कोणाची चकचकीत भांडी. ती पाहून एक गिऱ्हाईक दारी आले आणि तशीच भांडी मागू लागले. "ती आमची नव्हेत," असे स्वतःच्या दारात उभे राहून सांगण्याची पाळी त्या वृद्ध कारागिरावर आली. आठ हजार म्हणजे त्या घरच्या दोन भट्ट्यांची कमाई. मुलगा चाक सोडून गोव्यात नोकरी शोधावी म्हणू लागला होता. त्याआधी एकदा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आपणच एक करून बघूया काय?"

मला या विद्येतले फारसे कळत नव्हते. परंतु त्या वेळी दादासाहेब फाळके यांची आठवण झाली. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस १९१२ साली लंडनमध्ये कॅमेरा विकत घेऊन परतला. पण चित्रपट काढायला भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर त्या रोपट्याची चित्रे थोडी थोडी करून घेतली. पडद्यावर बी रुजून त्याचा वेल होताना सुमारे मिनिटभरात दिसला. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रपटाचे नाव. तो पाहून त्यांना कर्ज देणारे पुढे आले आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. माझ्या मते थोड्या खर्चातल्या जाहिरातीचा हा आपल्याकडील आद्य पाठच होय. वाटाण्याला पैसे पडत नाहीत; धीर मात्र लागतो.

आम्ही आरंभ कॅमेऱ्याने न करता कागदाने केला. हे पाहून पाहणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर एका वाक्यात लिहिले: 'यंदाच्या उन्हाळ्यासाठी पाण्याचा माठ आमच्याकडून न्यावा.' त्या वाक्याच्या बाहेरचे सारे खोडून टाकले. पणत्या गेल्या, कुंड्या गेल्या, घराण्याचा इतिहासही गेला. अर्ध्या मिनिटात सावकाश बोलल्यास साठाच्या आसपास शब्द मावतात. तेवढेच लिहिले आणि मोठ्याने वाचून घड्याळ लावले. मग माती मळणे, चाक, थापटणे, भट्टी, माठ आणि पत्ता अशी सहा दृश्ये ठरवली.

कॅमेरा म्हणजे मुलाचा रोजचा फोन. त्याची काच स्वच्छ पुसणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय. धुरकट चित्राचे कारण पुष्कळदा बोटांचे डागच असतात. प्रकाशासाठी सकाळी दारातून येणारा उजेड पुरला. चाक असे ठेवले की उजेड एका बाजूने यावा आणि मातीची गोलाई दिसावी. फोन तिपाईवर बसवून प्रत्येक दृश्य दहा सेकंद न हलवता घेतले. व्हिडिओ लोक फोनवर पाहणार, म्हणून तो उभाच धरला.

आवाजाची काळजी चित्राहून अधिक घ्यावी. अंधूक चित्र लोक चालवून घेतात, न कळणारे बोलणे घेत नाहीत. पंखा बंद केला, सदऱ्याला लावायचा स्वस्तातला माइक घेतला आणि घुमू नये म्हणून अंथरुणांच्या वळकट्या रचलेल्या कोपऱ्यात बोलणे टिपले. पुष्कळजण आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून तेच शब्द मराठीत व कन्नडमध्ये चित्राखाली लिहिले. चित्रपटातले गाणे मोहापायी घातले नाही. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते आणि परवानगीवाचून धंद्यासाठी वापरता येत नाही.

भट्टी उघडण्याच्या दिवशी खरी परीक्षा झाली. एका माठाला उभा तडा गेलेला निघाला. मुलाने झटकन फोन खाली केला. तेव्हा वडील म्हणाले, "फुटलेलं बी दाखवा की सर. भट्टीत घातलेलं सगळंच नीट येतंय म्हटलं तर कोण खरं मानंल?" आम्ही ते दाखवले. म्हाताऱ्याने तडकलेल्या माठाला टिचकी मारली. तो बद वाजला. तो बाजूला ठेवला. दुसऱ्याला मारली, तो खणकन वाजला. संगीताची उणीव नंतर कोणालाच भासली नाही.

फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु लहान दुकानदाराने दंडापेक्षा गिऱ्हाइकाला भ्यावे. मोठ्या कंपनीचे फसलेले गिऱ्हाईक दूर कोठे तरी असते. याचे शेजारच्या गल्लीत राहते आणि आठवड्याच्या बाजारात समोर उभे ठाकते.

तिपाई, माइक, येण्याजाण्याचे भाडे आणि चहा मिळून आम्हांला एकोणीसशे रुपये खर्च आला. चार सकाळी मोडल्या, त्या मी हिशेबात धरल्या नाहीत. पण ज्याचे पोट हातावर आहे त्याने त्याही धराव्यात. फळ काय मिळाले म्हणाल, तर चमत्कार झाला नाही. बेळगावच्या दोन खानावळींनी आणि काही घरांनी त्या उन्हाळ्यात माठ मागवले. येणारे म्हणत, "टिचकी मारणारे आजोबा तुम्हीच ना?" आणि स्वतः टिचकी मारून माठ घेत. मुलगा अजून चाकावर आहे. पुढच्या वर्षीही असेल, असे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

श्रोतेहो, आपल्या शिलाईच्या दुकानाचा, बेकरीचा वा सायकल दुरुस्तीचा असा चित्रपट आपण केलात, तर लोकांपुढे मांडण्यापूर्वी तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एकदा दाखवावा आणि विचारावे, "यात दिसते ते आपले आहे ना?" उत्तर अडखळत आले, तर कोठे तरी तडा आहे असे समजावे.