जागल्याचे मोल: बँकांच्या आडोशाने होणारी करचुकवेगिरी आणि ती उघड करणारा माणूस

करनियोजन आणि करचुकवेगिरी यांची गल्लत सर्रास होते, म्हणून या दोहोंची फारकत आरंभीच करणे इष्ट ठरते. कायद्याने देऊ केलेल्या सवलतींचा लाभ घेऊन कराचा बोजा हलका करणे म्हणजे करनियोजन; उत्पन्न वा मालमत्ता दडवून, खोटी विवरणपत्रे भरून देय कर बुडवणे म्हणजे करचुकवेगिरी, आणि ती गुन्हा आहे. मोठ्या प्रमाणावरचा हा गुन्हा करदात्याला एकट्याच्या बळावर सहसा साधत नाही. रक्कम सीमेपलीकडे नेणे, ती परक्या नावाने गुंतवणे, तिच्यावरील व्याज व लाभांश मायदेशाच्या करखात्याच्या नजरेआड ठेवणे आणि गरज पडेल तेव्हा गाजावाजा न होता ती पुन्हा हाती पडू देणे, या सगळ्यासाठी बँक लागते आणि बँकेत हे काम जाणणारी माणसे लागतात. असा व्यवहार उघडकीस आणणारी व्यक्ती, जिला मराठीत आता जागल्या म्हणण्याचा प्रघात पडला आहे, ती बहुधा या माणसांमधूनच येते. कारण ज्याने ते काम कधी केले किंवा जवळून पाहिले नाही, त्याच्यापाशी सांगण्यासारखे फारसे काही नसते. त्यामुळे जागल्याचे हात संपूर्ण निर्मळ असावेत अशी अपेक्षा जो कायदा धरतो, तो प्रत्यक्षात त्याला गप्प बसायला सांगत असतो. प्रस्तुत व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे, आणि तो पटवून देण्यास यूबीएस या स्वित्झर्लंडच्या सर्वांत मोठ्या बँकेचे प्रकरण सर्वाधिक उपयोगी पडते.

अमेरिकेने २००१ पासून परदेशी बँकांशी एक करारव्यवस्था सुरू केली होती. तिच्यानुसार अमेरिकी रोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या अमेरिकी खातेदारांच्या उत्पन्नाची माहिती बँकेने अमेरिकी करखात्याला कळवायची आणि परकीय खातेदारांपुरती गुप्तता राखायची मुभा बँकेला मिळायची. यूबीएसने या करारावर सही केली. मात्र ज्यांना आपले नाव कळवू द्यायचे नव्हते अशा अमेरिकी ग्राहकांच्या पैशांपुढे पनामा, हाँगकाँग, ब्रिटिश व्हर्जिन बेटे अशा ठिकाणच्या कागदी कंपन्या उभ्या राहिल्या. कागदी कंपनी म्हणजे जिला ना कारखाना, ना कर्मचारी, जी केवळ नोंदणीपुरती अस्तित्वात असते आणि जिच्यामागे खरा मालक दडतो अशी संस्था. कागदोपत्री खातेदार परकीय ठरला की कळवण्याचे बंधन उरत नसे. ग्राहकांची पत्रे त्यांच्या घरी न पाठवता बँकेतच ठेवून घेतली जात. जिनिव्हा आणि झुरिचचे अधिकारी अमेरिकेत येताना पर्यटनासाठी आल्याचे लिहून देत आणि मायामीतील कलाप्रदर्शनासारख्या धनिकांच्या मेळ्यांत नवे ग्राहक हेरत. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने जुलै २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात करखात्यापासून दडवलेल्या अशा खात्यांची संख्या सुमारे १९ हजार आणि त्यांतील ठेवी सुमारे १८ अब्ज डॉलर असल्याचे नमूद आहे.

ही माहिती सरकारच्या हाती आणून देणारा ब्रॅडली बर्कनफेल्ड हा बॉस्टनचा, २००१ पासून यूबीएसच्या जिनिव्हा कार्यालयात काम करणारा अधिकारी होता. २००५ मध्ये त्याच्या पाहण्यात बँकेचे एक तीन पानी अंतर्गत टिपण आले, ज्यात अधिकाऱ्यांनी अमेरिकेत जाऊन ग्राहक मिळवू नयेत, असे बजावलेले होते. म्हणजे वरिष्ठ रोज जे काम करवून घेत होते तेच कागदावर निषिद्ध ठरवलेले होते. उद्या प्रकरण अंगलट आले तर दोष कनिष्ठांच्या माथी मारण्याची ती सोय होती, असा अर्थ त्याने काढला, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. त्याने आधी बँकेतल्या बँकेत तक्रार केली, त्याच वर्षी राजीनामा दिला आणि २००७ मध्ये अमेरिकेचे न्याय खाते, करखाते, रोखे नियामक आणि सिनेट यांच्याकडे धाव घेतली.

परंतु तो स्वतः या व्यवहारापासून अलिप्त नव्हता. एका ग्राहकाचे हिरे टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये दडवून त्याने अमेरिकेत आणले होते, आणि ज्याच्या सुमारे २० कोटी डॉलरच्या ठेवी लपवण्यात त्याचा हात होता त्या कॅलिफोर्नियातील बांधकाम व्यावसायिकाविषयी त्याने न्याय खात्याला आरंभी सगळे सांगितले नाही, असा सरकारी वकिलांचा आक्षेप होता. त्या आक्षेपात तथ्य होते. मे २००८ मध्ये त्याला अटक झाली, त्याने कटात सहभागाचा गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २००९ मध्ये न्यायालयाने त्याला ४० महिन्यांची कैद सुनावली, जी सरकारी वकिलांनी मागितलेल्या ३० महिन्यांहून अधिक होती. हा माणूस पुढे आला नसता तर प्रकरण कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता, हे त्याच सरकारी वकिलांनी त्याच न्यायालयात मान्य केले होते. याउलट, तो बांधकाम व्यावसायिक थकीत कर व दंडापोटी ५ कोटी २० लाख डॉलर भरून दोन वर्षांच्या परिवीक्षेवर सुटला. बर्कनफेल्डच्या वरिष्ठाला साक्षीदार म्हणून काही काळ अडकवून ठेवल्यावर मायदेशी जाऊ देण्यात आले. आणि बँकेच्या ज्या बड्या अधिकाऱ्यावर आरोपपत्र ठेवले गेले तो २०१४ मध्ये निर्दोष ठरला. शिक्षेचे हे माप न्यायाच्या कसोटीला उतरत नाही. सर्वांत आधी बोलला त्यालाच सर्वांत जड शिक्षा होते हे पाहिल्यावर दुसऱ्या बँकेतला दुसरा माणूस काय धडा घेईल, हे सांगण्याची गरज नाही.

इनामाची बाजूही तितकीच ठळक आहे. करचोराची खबर देणाऱ्याला बक्षीस देण्याची तरतूद अमेरिकेत १८६७ पासून होती, पण ते देणे न देणे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होते. २००६ च्या दुरुस्तीने मोठ्या प्रकरणांत वसूल झालेल्या रकमेच्या १५ ते ३० टक्के हिस्सा हा खबर देणाऱ्याचा हक्क ठरला. गुन्ह्याची योजना आखून तो घडवून आणणाऱ्याला हा हिस्सा कमी करता येतो आणि त्याच भूमिकेबद्दल तो दोषी ठरला असेल तर नाकारताही येतो. पण बर्कनफेल्ड हा योजनेचा कर्ता नव्हे, तिच्यातला एक दुवा होता, असे करखात्याने ठरवले. ३१ महिने भोगून तो ऑगस्ट २०१२ मध्ये बाहेर आला आणि पुढच्याच महिन्यात त्याला १० कोटी ४० लाख डॉलरचे इनाम जाहीर झाले; यूबीएसकडून वसूल झालेल्या ४० कोटी डॉलर कराचा तो २६ टक्के हिस्सा होता. एकाच सरकारच्या एका खात्याने ज्याला तुरुंगात धाडले त्याचाच दुसऱ्या खात्याने असा गौरव केला. हा विरोधाभास दैवाचा खेळ नव्हता. अभियोग चालवणारे खाते आणि कर वसूल करणारे खाते यांनी जागल्याला कसे वागवायचे याचा आधी मेळच घातला नव्हता, त्याचा हा परिणाम होता.

एवढी रक्कम देणे उधळपट्टी होती काय, या प्रश्नाचे उत्तर वसुलीत आहे. यूबीएसने फेब्रुवारी २००९ मध्ये ७८ कोटी डॉलर भरले आणि त्याच वर्षी सुमारे ४,४५० खात्यांची माहिती देण्याचे मान्य झाले. धास्तावलेल्या हजारो खातेदारांनी आपण होऊन कर भरला. २०१० मध्ये परदेशी बँकांवर माहिती कळवण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेत झाला. १७४१ मध्ये स्थापन झालेली वेगेलिन ही बँक २०१३ मध्ये गुन्हा कबूल करून बंद पडली आणि २०१४ मध्ये क्रेडिट स्वीसने २.६ अब्ज डॉलर मोजले. बँकिंग क्षेत्रात जागल्याला पुन्हा नोकरी मिळत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे इनाम हे लोभाला घातलेले आमिष नसून उर्वरित आयुष्याच्या कमाईची भरपाई आहे, हे स्पष्ट होते.

स्वित्झर्लंडच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते. तेथील १९३४ च्या बँकिंग कायद्याने खातेदाराची माहिती बाहेर फोडणे हा फौजदारी गुन्हा ठरवला आहे. एचएसबीसीच्या जिनिव्हा शाखेतील संगणकतज्ज्ञ अर्व्हे फाल्चानी २००८ च्या अखेरीस खात्यांचा प्रचंड तपशील घेऊन फ्रान्सला निघून गेला. स्विस तपासयंत्रणेच्या मते त्याने तत्पूर्वी ही माहिती लेबनॉनमध्ये विकण्याचा प्रयत्न केला होता. त्याने हे नाकारले. स्विस न्यायालयाने २०१५ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला आर्थिक हेरगिरीबद्दल पाच वर्षांची शिक्षा दिली, तर स्पेनच्या न्यायालयाने त्याला स्वित्झर्लंडच्या हवाली करण्यास २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये नकार दिला. एकच कृत्य एका देशात हेरगिरी ठरते आणि दुसऱ्या देशात लोकहिताचे. म्हणून जागल्याला आधी नकाशा पाहावा लागतो आणि मग कायद्याचे पुस्तक.

भारताचा या प्रकरणाशी थेट संबंध आहे. फाल्चानीच्या तपशिलातील ६२८ भारतीय नावे फ्रान्सने २०११ मध्ये भारताला दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ती ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद लिफाफ्यात न्यायालयापुढे आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये जगभरातील पत्रकारांनी मिळून केलेल्या शोधात हा आकडा १,१९५ वर गेला. चोरलेल्या कागदांवर कर कसा आकारता येईल, हा बचाव अपेक्षितच होता. परंतु पुरावा कोणत्या मार्गाने हाती आला यापेक्षा तो प्रकरणाशी संबद्ध आहे की नाही हे पाहायचे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात फार पूर्वीच घालून दिला आहे. मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापुढे अशा खात्यांचे वाद बरीच वर्षे चालले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार एचएसबीसी प्रकरणांत आठ हजार कोटी रुपयांहून अधिक अघोषित उत्पन्न करआकारणीखाली आले. ज्या माहितीमुळे हे घडले ती भारताला फुकट मिळाली. तिची किंमत दुसऱ्या कोणी तरी दुसऱ्या देशात मोजली होती.

उद्या अशी माहिती मुंबईतल्याच एखाद्या बँक कर्मचाऱ्याकडे असली तर त्याला आधार कशाचा, याचा शोध घेतला की निराशा पदरी पडते. महामार्ग प्रकल्पातील भ्रष्टाचार कळवताना आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २००३ मध्ये गया येथे हत्या झाली आणि त्या संतापातून पुढे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला. पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही, शिवाय त्याचा रोख लोकसेवकांच्या गैरव्यवहारावर आहे. रिझर्व्ह बँकेने खासगी व परदेशी बँकांसाठी २००७ मध्ये तक्रारदाराचे नाव गुप्त राखणारी योजना आणली, परंतु तिच्यात इनाम नाही. प्राप्तिकर खात्याची २०१८ ची योजना परदेशातील अघोषित मालमत्तेची खबर देणाऱ्याला कमाल ५ कोटी आणि इतर प्रकरणांत ५० लाख रुपये देऊ करते, खबऱ्याची ओळख गुप्त ठेवण्याची हमीही देते. मात्र हे इनाम अनुग्रहाचे आहे, हक्काचे नव्हे, आणि ते नाकारले गेल्यास न्यायालयात दाद मागता येत नाही. अमेरिकेत करखात्याचा निर्णय मान्य नसलेल्या जागल्याला ३० दिवसांत कर न्यायालयात जाता येते. भारताच्या योजनेत पहिली दुरुस्ती व्हायला हवी ती हीच. आणि दुसरी, अधिक निकडीची, ही की खबर देणारा कर्मचारी स्वतः त्या व्यवहारातला दुवा असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत त्याच्यावर खटला भरला जाणार नाही, हे त्याने तोंड उघडण्याआधी प्राप्तिकर खात्याने आणि अभियोक्त्यांनी मिळून त्याला लेखी कळवायला हवे.