अळिंबी खा, पण आकडेही विचारा



बक्षिसं आणि तुमचे नाच यांच्या मध्ये मी उभा आहे, याची मला पुरेपूर जाणीव आहे. तेव्हा थोडक्यात आटोपतो. बोलणार अळिंबीबद्दल, कारण जन्मभर शिकवली तीच.

हल्ली मला हमखास फोन येतो, "सर, बाबा विसरायला लागलेत. लायन्स मेनच्या कॅप्सूल देऊ का?" ही अळिंबी दिसते मोठी देखणी. छत्री नाही, कल्ले नाहीत, नुसता लोंबत्या पांढऱ्या काट्यांचा झुपका. चीन-जपानमध्ये ती पूर्वापार खातात. जपानच्या हिरोकाझू कावागिशी यांनी १९९१ मध्ये तिच्यातून हेरिसेनोन नावाची संयुगं वेगळी काढली. प्रयोगशाळेतल्या पेशींना ती दिली, तर चेतापेशींना जगवणारं एक प्रथिन जास्त तयार होतं, असं दिसलं.

हे प्रथिन शोधणाऱ्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी तुम्हाला ठाऊक असायलाच हव्यात. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाबाहेर काढलं. बाईंनी तुरिनमधल्या घरात, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम चालू ठेवलं. १९८६ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

आता कॅप्सूलकडे येऊ. २००९ मध्ये जपानमध्ये सौम्य विस्मरण असलेल्या, ५० ते ८० वयाच्या ३० जणांवर प्रयोग झाला. काहींना १६ आठवडे या अळिंबीच्या भुकटीच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना भुकटी नसलेल्या गोळ्या. भुकटी घेणाऱ्यांचे चाचणीतले गुण वाढले; ती थांबवल्यावर चार आठवड्यांत घसरले. आशादायक आहे, पण ३० माणसं म्हणजे तुमचा अर्धा वर्गसुद्धा नाही! बाटलीवरच्या जाहिरातीत हा आकडा कधी दिसतो का, बघा.

सिंगापूरचा २०१९ चा अभ्यास मोठा, ६६३ ज्येष्ठांचा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा अळिंबी खाणाऱ्यांत सौम्य विस्मरणाची शक्यता निम्मी आढळली. गंमत म्हणजे ही बाजारात मिळणारी साधी अळिंबी होती. पण अळिंबीमुळे डोकं शाबूत राहिलं, की डोकं शाबूत असलेलेच नीट रांधून खातात? एकदाच केलेल्या पाहणीतून याचं उत्तर मिळत नाही. अळिंबीचाच गुण असेल, तर संशोधकांचा संशय तिच्यातल्या एर्गोथायोनीन या संयुगावर आहे. हे आपल्या शरीरात बनत नाही, अन्नातूनच घ्यावं लागतं, आणि ते आत ओढून घ्यायला पेशींवर खास वाहक प्रथिन असतं. आपल्याकडे पेंढ्याच्या पिशव्यांतून फुटणाऱ्या धिंगरीत ते चांगलं असतं.

म्हणून फोनवर मी सांगतो, धिंगरीची भाजी करा, कॅप्सूलचे पैसे वाचवा, आणि बाबांना आधी डॉक्टरांकडे न्या. त्यांची चालू औषधं परस्पर बंद करू नका. आणि मुलांनो, पावसाळ्यात रानात दिसलेली छत्री जाणकाराला दाखवल्याशिवाय घरी आणू नका.