आजीजवळ बसा, ऐका



'साहित्य आणि करिअर' यावर बोला, असं मला कळवलं होतं. पण मांडवात पाऊल टाकल्यापासून इथल्या ग्रंथालयातला खिडकीजवळचा बाकच आठवतोय. गावची एस.टी. संध्याकाळी सुटायची, तोवर मी तिथे बसायची. तिथेच आमच्या बाईंनी माझ्या हातात जॉर्ज लॅमिंगची 'इन द कॅसल ऑफ माय स्किन' ही १९५३ची कादंबरी ठेवली. बार्बाडोस बेटावरचं गाव, तिथला पूर, टेकडीवरचा जमीनदार, पायाखालची जमीन विकली जाताना हवालदिल झालेली माणसं. मला त्यात आमचीच वाडी दिसली. पुढे मी इंग्रजी शिकवायला लागले, वाडीवरच्या कथा लिहायला लागले, त्याचं मूळ तिथलं.

करिअरचं राहू दे. मुलांनो, एकच सांगते: घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि ऐका. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते, पण १९५२ साली 'गारंबीचा बापू' आली ती दापोलीकडची माणसं घेऊन. लॅमिंगने आपलं गाव लंडनमध्ये बसून लिहिलं. लांब राहूनही जमलं, कारण लहानपणी दोघांनी पुष्कळ ऐकलं होतं. आणि आपले प्रवीण बांदेकर! सावंतवाडीत इंग्रजी शिकवत त्यांनी 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' लिहिली. २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला.

तेव्हा मे महिन्यात घरी गेलात की फोन बाजूला ठेवा. आंब्याच्या पेट्या भरताना ऐका, गरे काढताना ऐका. जयगडला बोट लागायची तेव्हा कोण उतरायचं, विचारा. १९८२च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेल्या काकांच्या घरी चूल कशी पेटायची, विचारा. ऐकलेलं घरच्या बोलीतच वहीत उतरवा. शुद्धलेखन मागाहून बघू.

समोर ग्रंथालयातले आमचे मामा बसलेत. मामा, गाडी उशिरा असली की तुम्ही आमच्यासाठी दिवा चालू ठेवायचात. बाई, तुमच्यासमोर बोलताना अजून आवाज कापतो.

आणि नातवंडांची नाटकं बघायला पुढे येऊन बसलेल्या आज्यांनो, पोरांनी विचारलं तर 'काय करायचंय तुला ते जुनं' म्हणू नका. सांगा. संपाच्या वर्षाचंही सांगा, उपासाचंही सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.