छायाचित्राखाली नाव हवे



खापर हे अक्कलकुवा तालुक्यातील, गुजरातच्या सीमेलगतचे गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गाने खांद्यावर कॅमेरा घेऊन येथे येणारा प्रवासी बहुधा फाल्गुनात येतो. त्याला सातपुड्यातील भोंगऱ्या बाजार आणि काठीची राजवाडी होळी टिपावयाची असते. त्याच्या छायाचित्रांनी या भागाची कीर्ती दूरवर पोहोचली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्यांची छायाचित्रे घेतली गेली, त्यांच्या पदरी काय पडले?

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये मुंबईतील जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पाठीमागचे दृश्य दुसरीकडचे, असा जोडकामाचा प्रकार होता. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांतील बहुतेक चित्रांखाली जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. माणूस हा नमुना ठरला.

ही दृष्टी आजही पुरती गेलेली नाही. काठीच्या होळीत अंगावर ठिपके रंगविलेला, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू व दुधी भोपळे बांधलेला ‘बुध्या’ छायाचित्रात उठून दिसतो. परंतु त्याने त्याआधी काही दिवस व्रत पाळले आहे, खाटेवर निजणे वर्ज्य केले आहे, हे भिंगाला दिसत नाही. ते विचारावे लागते आणि लिहून ठेवावे लागते. अन्यथा व्रतस्थ माणूस पाहणाऱ्याच्या लेखी केवळ सोंग ठरतो.

नोंदीचे मोल याच तालुक्याने पाहिले आहे. सरदार सरोवर प्रकल्पाने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदाकाठचे मणिबेली त्यांतील पहिल्यांपैकी. १९९३-९४ च्या सुमारास तेथे पाणी चढले. शूलपाणेश्वराचे जुने देवालयही जलाशयात गेले. अशा गावाचे जुने छायाचित्र आज हाती आले, आणि हे घर कोणाचे, हा पाडा कोणता, अंगणातील ती वृद्धा कोण, हे मागे लिहिलेले नसले, तर ते एका टेकडीचे चित्र उरते. नावे लिहिलेली असली, तर तेच एका गावाचे दप्तर होते.

आज जवळजवळ प्रत्येक तरुणाच्या हाती भ्रमणध्वनी आहे. म्हणजे बाहेरच्या छायाचित्रकाराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. आपल्या आजीचे दागिने, घराच्या कुडाच्या भिंती, पेरणीची अवजारे, देवाची स्थाने यांची चित्रे गावातील मुलांनीच घ्यावीत. प्रत्येक चित्रासोबत माणसाचे नाव, गाव, पाडा, तारीख आणि वस्तूचे बोलीतील नाव लिहावे. चित्र घेण्यापूर्वी संमती विचारावी. देवकार्यात नकार मिळाला तर तो मानावा. एक प्रत त्या घरी द्यावी, एक शाळेत ठेवावी.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने १९६२ पासून आदिवासी जीवनाच्या अभ्यासाचे कार्य चालविले आहे. गावोगावच्या अशा नोंदींची जोड मिळाली, तर त्या अभ्यासाला गावाचा स्वतःचा आवाज लाभेल. परंपरा जपावयाची ती नावानिशी जपली पाहिजे. कारण परंपरा पाळतात ती माणसे, आणि प्रत्येक माणसाला नाव असते.