पदके आणि परवानगी



फौजेत गेलेल्या आपल्या ज्ञातिपुत्रांचे आपण नेहमीच स्मरण करतो. आज त्यांच्या जोडीने एका दूरदेशीच्या वीराची कथा आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

फ्रान्सिस पेगामागाबो हे कॅनडातील ओजिब्वा या आदिवासी समाजाचे. पितृछत्र बालपणीच हरपले. ह्युरॉन सरोवराकाठच्या शावानागा वस्तीने त्यांना वाढविले. शिकार आणि मासेमारी हीच त्यांची पाठशाळा. १९१४ च्या ऑगस्टात ते सैन्यात दाखल झाले आणि ईप्र, पाशेंडेल येथे दबा धरून नेम साधणारे नेमबाज म्हणून गाजले. ३७८ शत्रू त्यांच्या नावावर सांगतात. रणधुमाळीत ही मोजदाद कोणी केली, देव जाणे! लष्करी पदक व त्यावर दोन पट्ट्या हा मान मात्र निर्विवाद आहे. तो लाभलेले कॅनेडियन सैनिक अवघे ३९.

१९१९ साली ते परतले. वस्तीवर अंमल सरकारी एजंटाचा. शेतीसाठी कर्ज मागितले, ते नाकारले गेले. १९२१ मध्ये ते पॅरी बेटावरील आपल्या लोकांचे प्रमुख झाले आणि लेखणी हाती घेऊन वरिष्ठांकडे दाद मागू लागले. तेव्हा १९३३ पासून नियम आला, की पत्रव्यवहार एजंटामार्फतच व्हावा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तिचा टपालवालाही तोच! तरीही ते लिहीतच राहिले.

१९५२ मध्ये ते निवर्तले. पॅरी साउंड गावी त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०१६ साली.